विद्युत अभियंत्याची सही : व्यवसायनीती आणि वाटचाल

दक्षिण नागपुरातील मनीषनगरची ओळख अनेक वर्षे रेल्वे फाटकामुळे होती. वर्धा मार्गावरून आत वळायचे, फाटकापाशी थांबायचे आणि मुंबई किंवा चेन्नईकडे जाणारी गाडी निघून जाण्याची वाट पाहायची, हा येथील रहिवाशांचा नित्यक्रम होता. २०२०मध्ये उड्डाणपूल खुला झाला आणि तो त्रास कमी झाला. मात्र याच टापूत विजेची किती रूपे एकवटली आहेत, इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. रेल्वेमार्गावर २५ हजार व्होल्टची तार आहे. उज्ज्वलनगर स्थानकावरून २०१९पासून धावणारी मेट्रो तेवढ्याच दाबावर चालते. वस्तीत ११ हजार व्होल्टच्या वाहिन्या आणि चौकाचौकांत रोहित्रे आहेत. त्याखाली एकाला एक लागून उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीम, त्यांच्या उद्वाहिका, पाण्याचे पंप, छतावरचे सौर संच आणि उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीला लागलेले कूलर आहेत. यांतील प्रत्येक जोडणीच्या कागदावर कुणा ना कुणा विद्युत अभियंत्याची, पर्यवेक्षकाची किंवा ठेकेदाराची सही असते. ती सही कोण करतो, कशाच्या आधारे करतो आणि चुकीची केली तर काय होते, हा या व्यवसायाच्या नीतीचा गाभा आहे. या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आणि ज्यांच्या घरात वीज आहे अशा सर्वांसाठीच त्याची ओळख येथे करून दिली आहे.

‘टेस्ट रिपोर्ट’ नावाचा कागद

नव्या सदनिकेला वीजजोडणी हवी असेल, तर अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. सर्वसाधारण ग्राहकाच्या दृष्टीने हा अर्जाला लावायचा आणखी एक कागद असतो. प्रत्यक्षात त्यात ठेकेदार लेखी ग्वाही देतो की, या घरातील वायरिंग आपल्या देखरेखीखाली झाले आहे, त्याची चाचणी घेतली आहे आणि ते सुरक्षित आहे. ही चाचणी म्हणजे काय, तर मेगर नावाच्या उपकरणाने तारांवर ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देऊन तार व जमीन यांमधील विसंवाहक रोध मोजायचा. तो किमान एक मेगोहम असावा, असा दंडक जुन्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेला आहे. याशिवाय अर्थिंगचा रोध पाहायचा, फेजची तार स्विचमधूनच गेली आहे ना, न्यूट्रलमध्ये फ्यूज नाही ना, हे तपासायचे. सरावलेल्या माणसाला एका सदनिकेसाठी अर्धा-पाऊण तास पुरतो.

हा अर्धा तास वाचवण्याचा मोह हीच या व्यवसायातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित लबाडी होय. वायरिंग कुणी अननुभवी कारागीर करतो, परवाना दुसऱ्याच्या नावावर असतो आणि घर न पाहताच ठरावीक रकमेवर सही मिळते. कुणाचे काही बिघडत नाही असे वाटते, कारण बहुतेक घरांत पुढे काही घडतही नाही. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात अशा घराची परीक्षा होते. लोखंडी पत्र्याचा, पाण्याने निथळणारा कूलर, ओली फरशी, अनवाणी माणूस आणि तिसऱ्या पिनेला न जोडलेले अर्थिंग यांचा योग विदर्भात दर उन्हाळ्यात बळी घेतो. वृत्तपत्रात ‘कूलरचा धक्का लागून मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी येते. टेस्ट रिपोर्टवर कुणाची सही होती, हे त्या बातमीत कधीच नसते.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १५ मीटरहून अधिक उंचीच्या इमारतींतील वीज यंत्रणेची विद्युत निरीक्षकाने तपासणी केल्याशिवाय ती सुरू करता येत नाही. परंतु वाहनतळावर तीन-चार मजले अशा बेताने बांधलेल्या अनेक इमारती या मर्यादेच्या आतच राहतात. म्हणजे तेथे शासनाच्या निरीक्षकाचा डोळा पोहोचत नाही आणि सर्व भिस्त ठेकेदार व पर्यवेक्षकाच्या प्रामाणिकपणावर येऊन पडते. उंच मनोऱ्यापेक्षा मध्यमवर्गीय फ्लॅट स्कीममध्ये ही सही अधिक मोलाची ठरते, ती यामुळे.

सुगतनगरची घटना

तारेपासून सुरक्षित अंतर न ठेवण्याची किंमत नागपूरने २०१७मध्ये मोजली. शहराच्या उत्तर भागातील सुगतनगर परिसरात निवासी इमारतीच्या अगदी जवळून गेलेल्या उच्चदाब वाहिनीमुळे जुळ्या भावांना विजेचा धक्का बसला आणि दोघांचाही मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली आणि विशेष समिती नेमली. शहरभर पाहणी झाली, तेव्हा वाहिन्यांपासून विहित अंतर न राखता उभी राहिलेली बांधकामे हजारोंच्या संख्येने आढळली.

विहित अंतर ही गुंतागुंतीची गोष्ट नाही. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर हवे. ३३ हजार व्होल्टपर्यंत ते २ मीटर आणि छतापासून उभे अंतर ३.७ मीटर हवे. त्यापुढे प्रत्येक ३३ हजार व्होल्ट किंवा त्याच्या अंशामागे दोन्हींत ०.३ मीटरची भर घालायची. या हिशेबाने १ लाख ३२ हजार व्होल्टच्या वाहिनीला आडवे २.९ मीटर आणि उभे ४.६ मीटर अंतर येते. शिवाय हे अंतर तार जास्तीत जास्त झोळ खाऊन आणि वाऱ्याने जास्तीत जास्त झुकून जेथे येईल, तेथून मोजायचे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की वाहिनी प्रसरण पावून किती खाली येते, हे नागपूरच्या अभियंत्याला सांगावे लागू नये. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत हे सर्व होते. वाहिनीजवळ बांधकाम करू इच्छिणाऱ्याने वीजपुरवठादार आणि विद्युत निरीक्षक यांना आधी सूचना द्यावी, असेही त्यात होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या आणि त्यानंतरच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांनी हाच धागा पुढे नेला.

म्हणजे नियम अर्धशतकाहून अधिक काळ अस्तित्वात होता. मग हजारो बांधकामे उभी कशी राहिली? याचे उत्तर कुणा एका खलनायकाच्या शोधात मिळणार नाही. अभिन्यास मंजूर करणारा अभियंता भूखंड पाहतो, नकाशा मंजूर करणारा चटई क्षेत्र पाहतो, वीजजोडणी देणारा अर्ज पूर्ण आहे की नाही ते पाहतो आणि वाहिनीची देखभाल करणारा मनोरे मोजतो. प्रत्येकाची सही त्याच्या त्याच्या कागदापुरती बरोबर असते. तार आणि गच्ची यांच्यामधली हवा मात्र कुणाच्याच कागदावर नसते. जोडणी देण्यापूर्वी जागेवर गेलेल्या शाखा अभियंत्याला ती दिसते. ‘बांधकाम वाहिनीखाली आहे, जोडणी देता येत नाही’ एवढी एक ओळ त्याने लिहिली तर पुढची साखळी थांबू शकते. ती ओळ लिहिण्याची किंमतही तोच मोजतो. नगरसेवकाचा दूरध्वनी येतो, वरिष्ठ ‘कशाला वाद’ म्हणतात, ग्राहक मंचापुढे खुलासा करावा लागतो. व्यवसायनीतीची पुस्तके या प्रसंगाबद्दल फारसे बोलत नाहीत.

भंडाऱ्याची आठवणही येथे टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी सातच वाचवता आली, १० दगावली. त्याच वर्षी ९ एप्रिलला नागपूरलगतच्या वाडी येथील एका खासगी रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातही आगीने रुग्णांचे बळी घेतले. त्यानंतर रुग्णालयांच्या विद्युत आणि अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. करोनाकाळात रुग्णालयांत उपकरणांची भर झपाट्याने पडली, परंतु वाढीव भारासाठी तारा, स्विचगियर आणि वायुवीजन पुरेसे आहे का, हे तपासणारा अभियंता बहुतेक ठिकाणी बोलावलाच गेला नाही. जेथे तो होता, तेथे त्याच्या टिपणीला किती वजन मिळाले, हा वेगळा विषय आहे.

संहिता कोठून आली

विद्युत अभियंत्यांसाठी लिखित आचारसंहितेची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९१२मध्ये आपली पहिली संहिता स्वीकारली. त्या काळच्या संहितांचा भर अभियंत्याने मालकाशी वा अशिलाशी एकनिष्ठ राहावे, दोन पक्षांकडून मोबदला घेऊ नये, व्यवसायबंधूंची निंदा करू नये, यावर होता. समाज त्यात मागच्या बाकावर होता. १९६३मध्ये ही संस्था रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेत विलीन होऊन आज ‘आयट्रिपलई’ म्हणून ओळखली जाणारी जागतिक संस्था बनली. तिच्या सध्याच्या संहितेत लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि हित यांना सर्वोच्च स्थान आहे. हितसंबंधांचा संघर्ष टाळणे वा उघड करणे, उपलब्ध माहितीवरच दावे आणि अंदाज बेतणे, लाच नाकारणे, आपल्या कौशल्याच्या मर्यादा स्पष्ट सांगणे आणि प्रामाणिक टीका स्वीकारणे, ही पुढची कलमे आहेत.

मागच्या बाकावरचा समाज पुढे येण्यास एक रेल्वे कारणीभूत ठरली, हे मेट्रोच्या शहरातील वाचकांना रोचक वाटेल. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ या नव्या जलद रेल्वेच्या स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेत दोष असल्याचे तीन अभियंत्यांनी वरिष्ठांना सांगितले. तेथे दाद लागली नाही, तेव्हा ते संचालक मंडळाच्या एका सदस्याकडे गेले. मार्च १९७२मध्ये तिघांनाही कामावरून काढण्यात आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला फ्रेमाँट स्थानकात एक गाडी थांबण्याऐवजी रुळांच्या टोकापलीकडे गेली. दोष नियंत्रण यंत्रणेतच निघाला. तिघे न्यायालयात गेले आणि १९७५मध्ये आयट्रिपलईने त्यांच्या बाजूने न्यायालयाचा मित्र म्हणून निवेदन सादर केले. लोकांच्या सुरक्षिततेसाठी बोलणे हे अभियंत्याचे व्यावसायिक कर्तव्यच आहे, नोकरीच्या करारात ते अनुस्यूत आहे, अशी भूमिका संस्थेने घेतली. पुढे १९७८मध्ये त्यांचा सन्मानही झाला. नोकऱ्या मात्र परत मिळाल्या नाहीत.

आपल्याकडील चित्र थोडे निराळे आहे. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी कायद्याने स्थापन झालेल्या परिषदा आहेत. गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्या नोंदणी काढून घेऊ शकतात. वास्तुविशारदांचा कायदा १९७२चा आहे. अभियंत्यांना मात्र पदवी हाती पडताच असे कोणतेही नोंदणीपत्र सक्तीने घ्यावे लागत नाही. १९२०मध्ये स्थापन झालेली आणि १९३५मध्ये राजसनद मिळालेली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही संस्था आचारसंहिता सांगते, सनदी अभियंत्याचा दर्जा देते, नागपुरात तिचे स्थानिक केंद्रही आहे. तथापि सदस्यत्व ऐच्छिक असल्यामुळे तिचा वचक सदस्यांपुरताच राहतो.

विद्युत शाखेची स्थिती इतर अभियांत्रिकी शाखांपेक्षा मात्र बरी आहे, आणि हे फारसे सांगितले जात नाही. महाराष्ट्रात वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. ही कागदपत्रे शासनाची यंत्रणा देते आणि तीच ती काढूनही घेऊ शकते. विद्युत अधिनियम २००३च्या कलम १५०मध्ये २००७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानाधारक ठेकेदार, पर्यवेक्षक किंवा कामगाराने वीजचोरीला साहाय्य केल्यास त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. वीज कंपनीच्या अधिकाऱ्याने वा कर्मचाऱ्याने चोरीकडे संगनमताने डोळेझाक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्याच कलमात आहे. पदवीधर अभियंते या परवान्यांकडे कारागिराचा कागद म्हणून तुच्छतेने पाहतात, ही आपल्या शिक्षणपद्धतीची एक गंमत म्हणावी लागेल. ज्या कागदाला कायदेशीर उत्तरदायित्व जोडलेले आहे, तो त्यांना दुय्यम वाटतो आणि ज्या पदवीला ते नाही, ती भिंतीवर लागते.

बोलणाऱ्यांचे काय होते

२००२ साली सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. २००४मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी गोपनीय रीतीने करण्याची व्यवस्था झाली, ती या घटनेनंतरच. २०१४मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तरी त्यानंतरची अनेक वर्षे तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. महाराष्ट्रात २०१२मध्ये जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतील खर्चवाढ आणि कामाचा दर्जा यांविषयी लिहिलेल्या पत्राने राज्याचे राजकारण ढवळून निघाले. हे दोन्ही स्थापत्य क्षेत्रातले दाखले असले, तरी त्यातला पेच विद्युत अभियंत्याला परका नाही.

विद्युत क्षेत्रातील बोलण्याचे सर्वांत ठसठशीत मराठी उदाहरण दाभोळचे आहे, आणि ते नोकरीतल्या अभियंत्यांचे नाही. एन्रॉनच्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार राज्य वीज मंडळाला परवडणारा नाही, हे पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्येच आकडेमोडीने मांडले होते. घोषणा न देता, दर, इंधन, भारांक आणि परकीय चलन यांचे तक्ते मांडून केलेला तो युक्तिवाद होता. प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला, २००१मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समितीचा अहवाल आला. संत २०१२मध्ये अकाली गेले. पण वीजदराच्या सुनावणीत सामान्य नागरिकानेही आकडे मागावेत, ही सवय महाराष्ट्राला लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मंडळाच्या आत बसलेल्या किती अभियंत्यांना तीच आकडेमोड दिसत होती आणि ते का बोलू शकले नाहीत, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

खांबावरचा माणूस

विद्युत अभियंत्याची नीती सर्वांत नेमकेपणाने कोठे पारखली जात असेल, तर वाहिनी दुरुस्तीच्या वेळी. खांबावर चढणारा तंत्रज्ञ अनेकदा कंत्राटी असतो, शिक्षण आयटीआयपर्यंतचे असते, आणि त्याचा जीव उपकेंद्रात किंवा वाहनात बसलेल्या दुसऱ्याच कुणाच्या शब्दावर असतो. पद्धत स्पष्ट आहे. आधी लेखी परमिट घ्यायचे, एबी स्विच उघडून त्याला कुलूप लावायचे, वाहिनी मृत झाली आहे याची खात्री करायची, डिस्चार्ज रॉडने कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे आणि मगच हात लावायचा. परमिट परत करताना सर्व माणसे खाली उतरली आहेत, हे मोजून सांगायचे. भ्रमणध्वनी आल्यापासून यातली पहिली पायरी ‘बंद केलंय, चढा’ एवढ्यावर आली आहे. दोन वाहिन्यांची नावे सारखी वाटली, एका खांबावर दोन बाजूंनी पुरवठा येत असला किंवा फोनवर ऐकण्यात चूक झाली की माणूस जातो.

यात अलीकडे नवा धोका मिसळला आहे. पूर्वी उपकेंद्रातून पुरवठा बंद केला की वाहिनी मृत झाली, असे ढोबळमानाने धरता येई. आता इमारतींत जनित्र आहे, घरात इन्व्हर्टर आहे, छतावर सौर संच आहे. योग्य चेंजओव्हर स्विच न बसवता जोडलेले जनित्र उलट दिशेने वीज सोडते आणि रोहित्र तिचा दाब वाढवून ११ हजार व्होल्ट करते. मान्यताप्राप्त सौर इन्व्हर्टर जाळ्यातील पुरवठा जाताच आपोआप बंद होतो. पण जो स्वस्त पडतो म्हणून बसवला, तो होईलच असे नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्यावरील घरगुती संचांना ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यापासून छतावरील संच मध्यमवर्गीय वस्त्यांत वेगाने वाढले. हे स्वागतार्हच आहे. संच बसवणाऱ्या नवउद्योजक अभियंत्यांनी मात्र ग्राहकाला किती युनिट मिळतील हे सांगताना छतावर पडणारी शेजारच्या इमारतीची सावली आणि पटलांवरची धूळ हिशेबात धरली पाहिजे, आणि अर्थिंगचा खर्च कापून दर कमी करू नये. कारण तो संच ज्या वाहिनीला जोडलेला आहे, तिच्यावर कुणीतरी चढणार असते.

अपघात झाल्यास काय करायचे, हेही ठरलेले आहे. प्राणघातक अपघाताची माहिती २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि लेखी अहवाल ४८ तासांत. कलम १६१ अन्वये निरीक्षक चौकशी करतो. तोपर्यंत घटनास्थळाची स्थिती बदलू नये, ही अपेक्षा असते. घाईघाईने जळालेली तार बदलून टाकणे आणि परमिटच्या वहीत मागाहून नोंद करणे याला पुष्कळदा सहकाऱ्याला वाचवणे म्हटले जाते. त्याने पुढचा अपघात मात्र वाचत नाही.

वाटा आणि पायऱ्या

नागपूर हे विद्युत अभियंत्यासाठी देशातील मोजक्या सोयीच्या शहरांपैकी एक आहे. १९६०मध्ये स्थापन झालेले आणि २००२पासून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९१४पासूनची परंपरा सांगणारे शासकीय तंत्रनिकेतन आणि अनेक खासगी महाविद्यालये येथे आहेत. गोपाळनगरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानची संस्था आहे. कोराडीला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक संशोधन केंद्र आहे. कोराडीचा पहिला संच १९७४चा; आज तेथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. खापरखेडा आणि मौदा ही केंद्रेही हाकेच्या अंतरावर आहेत. मनीषनगरसारख्या वस्तीत महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, रेल्वे, मिहान आणि बुटीबोरीतील कारखाने यांत काम करणारे अभियंते शेजारी शेजारी राहतात. औष्णिक केंद्रातील अभियंत्याचा ‘समाज’ ग्राहकापुरता नसतो, हे जुलै २०२२मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून आसपासच्या गावांत राख शिरली, तेव्हा साऱ्या शहराने पाहिले.

सरकारी आणि निमसरकारी वाटा सर्वांना ठाऊक असतात. राज्य लोकसेवा आयोगाची विद्युत अभियांत्रिकी सेवा, केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, ‘गेट’च्या गुणांवर सार्वजनिक उपक्रम आणि वीज कंपन्यांच्या स्वतंत्र भरती परीक्षा, या त्या वाटा. २००५च्या ६ जूनला राज्य वीज मंडळाचे विभाजन झाल्यावर निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या नोकऱ्याही वेगळ्या झाल्या. तिन्हींतील कामाचा पिंड वेगळा आहे. निर्मितीत यंत्राशी गाठ असते, पारेषणात शिस्तीशी आणि वितरणात माणसांशी. ज्याला माणसांचा कंटाळा आहे, त्याने केवळ घराजवळ नेमणूक मिळते म्हणून वितरणात जाऊ नये. २०११ ते २०१९ या काळात नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग विभागांचे वितरण खासगी फ्रँचायझीकडे होते. तेव्हा आणि नंतर महावितरणकडे ते परत आले तेव्हाही, ग्राहकांच्या रोषाला तोंड देण्याचे काम अखेर क्षेत्रीय अभियंत्यांच्याच वाट्याला आले.

कमी परिचित पण भक्कम वाट म्हणजे ऊर्जा लेखापरीक्षकाची. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ अन्वये ऊर्जा दक्षता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा होते. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन आणि लेखापरीक्षकासाठी चार प्रश्नपत्रिका असतात, आणि कामाचा अनुभव आवश्यक असतो. येथेही नीतीचा प्रश्न उंबरठ्यावरच भेटतो. लेखापरीक्षक ज्या कारखान्याला बचतीचे उपाय सुचवतो, त्याच उपायांची सामग्री विकणाऱ्या कंपनीकडून त्याने दलाली घ्यावी काय? घेऊ नये, हे उत्तर सोपे आहे. प्रत्यक्षात दलालीचे नाव ‘मार्गदर्शन शुल्क’ असते आणि ती दिवाळीच्या सुमारास येते. सल्लागार अभियंत्याच्या बाबतीत हाच प्रकार तपशीलपत्रात दडलेला असतो. एकाच उत्पादकाचा माल बसेल अशा बेताने केबलचे वा स्विचगियरचे वर्णन लिहिले की निविदा नियमात बसते आणि स्पर्धा उरत नाही. ज्या सल्लागाराचे मानधन प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, त्याने खर्च कमी करण्याचा उपाय सुचवणे म्हणजे स्वतःचे मानधन कमी करणे असते. अशा वेळी मानधन ठोक रकमेवर ठरवून घेणे दोघांनाही मोकळे करते.

पहिल्या पाच वर्षांविषयी थोडे अधिक. या काळात तरुण अभियंता जे शिकतो, ते पुढे सहसा बदलत नाही. रिलेची सेटिंग स्वतः काढून पाहणे, एक तरी रोहित्र उघडलेले पाहणे, एक पूर्ण बंद काळ उपकेंद्रात तंत्रज्ञांबरोबर घालवणे, हे संगणकावरच्या आराखड्यांइतकेच गरजेचे आहे. स्मार्ट मीटर, विद्युत वाहनांची चार्जिंग केंद्रे, बॅटरी साठवण ही क्षेत्रे संधी देत आहेत. पण ज्या विषयाचे ज्ञान नाही तो आपल्याला येतो असे भासवून काम घेणे, हा संहितेचा भंगच आहे. वाहनतळात चार्जिंगची जागा मागणाऱ्या सोसायटीला ‘मंजूर भार वाढवावा लागेल, मुख्य केबल बदलावी लागेल’ असे सांगणारा अभियंता काम गमावतो आणि ‘होऊन जाईल’ म्हणणारा ते मिळवतो, हा अनुभव नवीन नाही. दोन वर्षांनी केबल तापते, तेव्हा सोसायटीला पहिल्याची आठवण होते.

नाही म्हणण्याची रीत

अडचणीचा प्रसंग आलाच, तर तोंडी वाद घालण्यापेक्षा लेखी टिपणी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. ती व्यक्तीवर नसावी, वस्तुस्थितीवर असावी. जागा, तारीख, मोजमाप, लागू असलेला विनियम आणि आपली शिफारस, एवढे पुरे. ‘साहेबांनी दबाव आणला’ असे लिहून कुणाचा फायदा होत नाही. ‘आडवे अंतर ०.८ मीटर भरले, विहित अंतर १.२ मीटर आहे, जोडणी देऊ नये’ असे लिहिले की नस्तीवर पुढे सही करणाऱ्याला विचार करावा लागतो. तोंडी आदेश मिळाला असेल, तर त्याच दिवशी ‘आपण दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार’ अशी सुरुवात करून तो लेखी कळवण्याची जुनी सरकारी रीत आजही उपयोगी पडते. आदेश बरोबर असेल तर कुणाची हरकत नसते. नसेल तर तो बहुधा मागे घेतला जातो.

लाचेच्या मागणीबाबत राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला सक्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत कळवल्यास त्याला संरक्षण आहे. ग्राहकांना गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी दुहेरी दाद आहे. लोकपालांचे कार्यालय नागपुरातही आहे. घर विकत घेणाऱ्यानेही एवढे करावे की, ताबा घेताना टेस्ट रिपोर्टची प्रत मागावी, त्यावरील ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि तो कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे पाहावे, मुख्य फलकावर ३० मिलीअँपिअरचे गळतीरोधक स्विच आहे का ते तपासावे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. बटण दाबल्यावर पुरवठा खंडित झाला नाही, तर त्या सहीच्या मालकाला घरी बोलवावे.